स्पीच रेकग्निशन आणि भाषा-आकलनासाठी ट्रेनिंगचा मजकूर कसा वाढवावा

आवाजावर चालणारी प्रणाली दोन कामे एकामागून एक करते. ऐकलेल्या ध्वनीचे ती आधी शब्द करते आणि मग त्या शब्दांवरून बोलणाऱ्याला काय हवे आहे ते ठरवते. पहिल्या कामात, म्हणजे स्पीच रेकग्निशनमध्ये, लँग्वेज मॉडेलची मदत होते. कोणत्या शब्दापाठोपाठ कोणता शब्द येण्याची शक्यता किती, हे ते निव्वळ मजकुरातून शिकते. दुसऱ्या कामासाठी, म्हणजे भाषा-आकलनासाठी, लेबल लावलेली वाक्ये लागतात. वाक्याचा हेतू कोणता, म्हणजे त्याचे इंटेंट, आणि त्यातला कोणता शब्द वेळ, व्यक्ती किंवा वस्तू दाखवतो, म्हणजे त्याचे स्लॉट, हे त्यांत नोंदवलेले असते. सुरुवातीला हाताशी खऱ्या बोलण्यातली काहीशेच वाक्ये असतात आणि ती वाढवावी लागतात. वाढवताना ओळींची संख्या फुगवणे अगदी सोपे असते, पण माणसे जे खरोखर बोलतील आणि आपल्याकडे अजून आलेले नाही, ते मजकुरात आणणे हे खरे काम आहे. पुढची प्रत्येक पायरी त्याच कसोटीवर तपासावी.

पहिली पायरी: चाचणीची वाक्ये आधीच बाजूला काढा

मजकूर वाढवण्यापूर्वी खऱ्या वाक्यांचे तीन भाग करावेत: शिकवण्यासाठी, मधल्या तपासणीसाठी आणि अखेरच्या चाचणीसाठी. आधी वाढवून मग भाग केले, तर एकाच वाक्याची भावंडे शिकवण्याच्या आणि चाचणीच्या अशा दोन्ही भागांत जातात आणि मॉडेल पाठ केलेले उत्तर देऊन उत्तम गुण मिळवते. विभागणी वाक्यांनुसार न करता बोलणाऱ्या व्यक्तींनुसार करावी, म्हणजे एका माणसाची बोलण्याची लकब दोन्ही भागांत येणार नाही. चाचणीच्या भागात तयार केलेले एकही वाक्य घालू नये. खऱ्या वाक्यांत नावे, फोन नंबर किंवा पत्ते आले असतील, तर त्यांच्या जागी खुणा ठेवून मगच तो मजकूर पुढे वापरावा.

दुसरी पायरी: लेखनाचा एकच नियम ठरवा

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून बहुतेक वेळा टाळली जाते, आणि नंतर तीच सर्वांत महाग पडते. ‘गाणे’ आणि ‘गाणं’, ‘अलार्म’ आणि ‘आलार्म’, ‘६:३०’ आणि ‘साडेसहा’ अशी रूपे मिसळलेली राहिली, तर एकाच शब्दाची शक्यता दोन-तीन रूपांत वाटली जाते आणि प्रत्येक रूप दुबळे राहते. काही फरक तर डोळ्यांना दिसतही नाहीत: ‘ॲ’ हे अक्षर संगणकात एका चिन्हानेही साठवता येते आणि ‘अ’ला अदृश्य जोडचिन्ह व चंद्र देऊनही. युनिकोड या अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत अशी रूपे एकसारखी करणारी एनएफसी नावाची नेहमीची प्रक्रिया आहे, पण ती हा फरक मिटवत नाही. त्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. लँग्वेज मॉडेलच्या मजकुरात अंक नेहमी उच्चारले जातात तसे अक्षरांत लिहावेत. भाषा-आकलनाची वाक्ये मात्र स्पीच रेकग्निशनमधून मजकूर ज्या रूपात बाहेर पडतो त्याच रूपात असावीत, कारण प्रत्यक्ष वापरात त्या मॉडेलपुढे तेच रूप येणार असते.

तिसरी पायरी: टेम्प्लेट लिहा, पण व्याकरणासह

खऱ्या वाक्यांतून साचे, म्हणजे टेम्प्लेट, काढणे हा वाढवण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. ‘उद्या सकाळी सहाला गजर लाव’ या वाक्यातला दिवस आणि वेळ काढून तिथे रिकाम्या जागा ठेवल्या की दुसरे दिवस व दुसऱ्या वेळा त्यांत भरता येतात. मोठा फायदा असा की कोणत्या जागी काय भरले हे आधीच ठाऊक असल्यामुळे स्लॉटची लेबले आपोआप आणि अचूक लागतात.

मराठीत मात्र रिकाम्या जागेत शब्द जसाच्या तसा टाकून भागत नाही. ‘अमुकला फोन लाव’ या साच्यात ‘आई’ घातले तर ‘आईला’ नीट बसते; ‘भाऊ’ घातले तर ‘भाऊला’ होते, जेव्हा बोलणारा ‘भावाला’ म्हणतो; ‘बहीण’चे ‘बहिणीला’ होते, ‘काका’चे ‘काकांना’, आणि ‘माझा मोठा भाऊ’ असेल तर तिन्ही शब्द बदलून ‘माझ्या मोठ्या भावाला’ होतात. म्हणून प्रत्येक शब्दाच्या नोंदीत मूळ रूपाबरोबर त्याचे सामान्यरूप आणि आदरार्थी रूपही लिहून ठेवावे, आणि साच्यात कोणते रूप हवे ते नमूद करावे. एवढे कष्ट घेतले नाहीत, तर लँग्वेज मॉडेल कोणीही न बोललेले शब्द शिकते आणि खरे ‘भावाला’ त्याला अनोळखी राहते.

वेळेचेही तसेच आहे. ‘साडे’ला बारा आकडे जोडणारा साधा प्रोग्रॅम ‘साडेएक’ आणि ‘साडेदोन’ तयार करील, पण माणसे ‘दीड’ आणि ‘अडीच’ म्हणतात. तो ‘पावणेएक’ लिहील, पण बोलण्यात ‘पाऊण’ येते. सव्वा वाजता म्हटले की त्यात एकचा उल्लेखच नसतो. असे अपवाद थोडे आहेत, पण ते रोजच्या बोलण्यातले असल्यामुळे हाताने लिहून ठेवावेत.

क्रियापदाकडे वेगळे लक्ष द्यावे. ‘लाव’, ‘लावा’, ‘लावशील का’, ‘लावून ठेव’, ‘लावायचा आहे’ ही सगळी एकाच हेतूची रूपे आहेत, आणि ‘मी विचारतो’ लिहिले असेल तर ‘मी विचारते’ हेही आले पाहिजे. नाहीतर निम्म्या बोलणाऱ्यांची क्रियापदे मजकुरात दिसणारच नाहीत. शब्दक्रमही बदलून पाहावा, कारण ‘गजर लाव उद्या सकाळी सहाला’ असे माणसे सर्रास बोलतात. शिवाय कधीकधी हेतूचा मुख्य शब्दच गायब असतो: ‘उद्या सहाला उठव मला’ यात गजर कुठेच नाही. असे वाक्य कोणत्याही साच्यातून निघत नाही, ते माणसांकडूनच मिळते. म्हणून काहीजणांना वाक्य न दाखवता फक्त प्रसंग सांगावा आणि ते काय म्हणतील ते टिपून घ्यावे.

साच्यांचा एक धोका गणितातून दिसतो. सहा साचे, बारा तास आणि प्रत्येक तासाचे चार पाव भाग घेतले की ६ × १२ × ४ म्हणजे २८८ वाक्ये होतात. पण वाक्यरचना सहाच राहतात. शिवाय या २८८ वाक्यांत पहाटेचे सव्वातीन आणि सकाळचे सहा सारख्याच वेळा येतात. मॉडेलला ते खरे वाटते. त्यामुळे भरण्याच्या शब्दांना खऱ्या वाक्यांतल्या वारंवारतेनुसार वजन द्यावे आणि एका साच्यातून किती वाक्ये घ्यायची याला मर्यादा घालावी.

चौथी पायरी: शब्द बदलताना अर्थ तपासा

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ईडीए (ईझी डेटा ऑगमेंटेशन) या मजकूर वाढवण्याच्या पद्धतीत चार साध्या क्रिया आहेत: समानार्थी शब्द घालणे, वाक्यात कुठेतरी असा शब्द वाढवणे, दोन शब्दांची अदलाबदल करणे आणि एखादा शब्द गाळणे. थोडा डेटा असताना इंग्रजी वाक्यांच्या वर्गीकरणात तिचा उपयोग दिसला. आज्ञांच्या छोट्या वाक्यांवर ती आंधळेपणाने चालवू नये, असे माझे ठाम मत आहे.

‘लाव’ हे एकच क्रियापद घ्या. ‘दिवा लाव’ म्हणजे सुरू कर, ‘दार लाव’ म्हणजे बंद कर, ‘गजर लाव’ म्हणजे ठरवून ठेव, ‘गाणे लाव’ म्हणजे ऐकव आणि ‘फोन लाव’ म्हणजे जोडून दे. शब्दकोशातून ‘लाव’चा एक समानार्थी घेऊन तो सगळीकडे घातला, तर ‘दार पेटव’ असे वाक्य ट्रेनिंगमध्ये जाते. म्हणून समानार्थी शब्दांची यादी सुट्या शब्दांची न करता नाम आणि क्रियापद यांच्या जोडीची करावी: ‘दिवा लाव’च्या जागी ‘दिवा सुरू कर’, ‘दार लाव’च्या जागी ‘दार बंद कर’.

गाळण्याची क्रिया याहून घातक ठरते. ‘दिवा बंद करू नको’ यातला ‘नको’ गळला की हेतू उलटतो, आणि लेबल मात्र जुनेच राहते. नकार, संख्या आणि स्लॉटमधले शब्द यांना हात लावू नये, हा नियम प्रोग्रॅममध्येच बसवावा. ‘अं’, ‘म्हणजे’, ‘जरा’, ‘अरे’ असे बोलण्यातले भरीचे शब्द घालायला मात्र हरकत नाही. उलट त्यांनी वाक्ये बोलीच्या जवळ येतात. शब्द वाढला की पुढच्या सगळ्या स्लॉटच्या जागा सरकतात, तेव्हा लेबले पुन्हा मोजावीत.

पाचवी पायरी: यंत्राकडून वाक्ये घ्या आणि निवडून ठेवा

वाक्य दुसऱ्या भाषेत नेऊन परत आणले की नवी रचना मिळते. २०१६ साली रिको सेनरिख, बॅरी हॅडो आणि अलेक्झांड्रा बर्च यांनी यांत्रिक भाषांतराचे ट्रेनिंग वाढवण्यासाठी उलट भाषांतराची पद्धत मांडली, आणि पुनर्लेखनासाठी तिचाच आधार घेतला जातो. मराठीत तिची अडचण अशी की परत येणारे वाक्य बहुधा ग्रांथिक होते, ‘तू’चे ‘आपण’ होते आणि पुढे ‘कृपया’ लागते. मोठ्या भाषा-मॉडेलकडून वाक्ये मागवतानाही तोच कल दिसतो. त्यावर उपाय म्हणून नुसते ‘पन्नास वाक्ये दे’ असे न मागता बोलणारा कोण, तो घाईत आहे का, त्याने वाक्य अर्धवट सोडले का, हे प्रत्येक वेळी बदलून सांगावे आणि खऱ्या वाक्यांचे चार-पाच नमुने सोबत द्यावेत. प्रत्येक हेतूतली काही वाक्ये माणसाने मोठ्याने वाचून पाहावीत. जिभेला अडखळणारे वाक्य काढून टाकावे.

लँग्वेज मॉडेलसाठी लेबल लागत नसल्यामुळे तिथे आणखी एक मार्ग खुला असतो: मोठ्या सर्वसाधारण मजकुरातून आपल्या विषयासारखी वाक्ये वेचणे. २०१० साली रॉबर्ट मूर आणि विल्यम लुईस यांनी सुचवलेल्या रीतीत प्रत्येक वाक्याला दोन मॉडेलांकडून गुण मिळतात, एक आपल्या विषयावर शिकलेले आणि एक सर्वसाधारण मजकुरावर. दोन गुणांतल्या फरकावरून वाक्य ठेवायचे की सोडायचे ते ठरते. वापराचा परवाना असलेलाच मजकूर यासाठी घ्यावा.

सहावी पायरी: ऐकण्यातल्या चुका आकलनाला दाखवा

भाषा-आकलनाचे मॉडेल स्वच्छ वाक्यांवर शिकले, तर स्पीच रेकग्निशनच्या सदोष मजकुरापुढे ते गोंधळते. म्हणून ट्रेनिंगमधली ध्वनिमुद्रणे, किंवा वाक्ये यंत्राच्या आवाजात वाचून, आपल्याच स्पीच रेकग्निशनमधून काढावीत आणि मिळालेला मजकूर मूळ इंटेंट ठेवून ट्रेनिंगमध्ये घालावा. स्लॉटबाबत सावध राहावे. ‘साडेसहा’चे ‘साडेदहा’ ऐकले गेले असेल, तर त्यावर ‘साडेसहा’ असे लेबल ठेवू नये, कारण मग खरोखर साडेदहा म्हणणाऱ्याचे उत्तर बिघडेल. ही चूक आकलनाने दुरुस्त करण्यासारखी नाही.

सातवी पायरी: मिसळा आणि मोजा

खरा मजकूर आणि तयार केलेला मजकूर एकाच ढिगात ओतू नये. लँग्वेज मॉडेलसाठी दोन्हींची वेगळी मॉडेले करून त्यांच्या शक्यता ठराविक प्रमाणात मिसळाव्यात, आणि मधल्या तपासणीच्या वाक्यांवर परप्लेक्सिटी, म्हणजे पुढचा शब्द ओळखताना मॉडेल किती गोंधळते याचे माप, ज्या प्रमाणात सर्वांत कमी येईल ते प्रमाण ठेवावे. आकलनाच्या बाजूला खरी वाक्ये ट्रेनिंगमध्ये अधिक वेळा दाखवली तरी चालते.

मग मोजणी. वर्ड एरर रेट म्हणजे बदललेले, गळालेले आणि वाढलेले शब्द मिळून मूळ शब्दसंख्येशी असलेले प्रमाण. ‘उद्या सकाळी साडेसहाला गजर लाव’ या पाच शब्दांत ‘लाव’चे ‘लावा’ झाले तरी एरर २०% आणि ‘साडेसहाला’चे ‘साडेदहाला’ झाले तरी २०%. पहिल्यात काहीच बिघडत नाही, दुसऱ्यात माणसाची सकाळ वाया जाते. त्यामुळे इंटेंट बरोबर आले का आणि सगळे स्लॉट बरोबर आले का, हे वेगळे मोजावे, आणि तेही प्रत्येक पायरीनंतर, एका वेळी एकच गोष्ट बदलून. तयार केलेल्या मजकुराचा पाव भाग, अर्धा भाग आणि पूर्ण भाग घेऊन तीनदा ट्रेनिंग करून पाहावे. अर्ध्यावर आणि पूर्णावर फरक पडत नसेल, तर त्या साच्यांतून आणखी वाक्ये काढणे थांबवावे. त्याऐवजी मधल्या तपासणीत चुकलेली वाक्ये एकेक वाचावीत, चूक लेखनाच्या नियमाची होती, साच्याची होती की कोणी सुचवलेलीच नव्हती अशा बोलण्याची होती, हे शेजारी लिहावे, आणि ज्या रकान्यात नोंदी जास्त पडतील तिथून पुढची फेरी सुरू करावी.