ट्रॅक लांबीत नको, आडवा कापा

पोलादी भागांची सॉलिड-स्टेट, म्हणजे धातू न वितळवता केलेली, दुरुस्ती हा विषय एमटेकला मिळालेली मुलं हल्ली मला फोन करतात. प्रश्न साधारण एकच असतो, "दादा, विषय चांगला आहे ना?" विषय चांगला आहे. पहिलं वर्ष मात्र वाईट जातं, आणि तेवढं कुणी आधी सांगत नाही. माझे आठ महिने एका चुकीत गेले. चूक समजायला सोपी आहे, म्हणूनच ती जास्त लागते. बाकीचं पटापट सांगतो, त्या चुकीवर मात्र रेंगाळणार आहे. कंटाळा आला तरी तेवढं वाचा.

आमच्या चुलत काकांचं कोल्हापुरात उद्यमनगरात लेथ आणि वेल्डिंगचं दुकान आहे. साखर कारखान्यांचं गाळप संपलं की पंपांचे, कन्व्हेयरचे शाफ्ट येतात. बेअरिंग बसते तिथे घासलेले, खाच पडलेले. काका ते आर्कने भरतात आणि टर्न करून देतात. ईएन 8 (साधं मध्यम कार्बनचं पोलाद) असला तर ठीक. ईएन 24 (पटकन कडक होणारं मिश्र पोलाद) असला की आधी गॅसने तापवायचा, भरायचा, मग चुन्याच्या भुकटीत पुरून सावकाश थंड होऊ द्यायचा. एवढं करूनही कधी कधी दोन महिन्यांनी शाफ्ट भरलेल्या जागेशेजारीच तुटून परत येतो. हे लहानपणापासून बघितलं होतं, म्हणून "न वितळवता पोलाद भरता येतं" हे वाक्य कॉलेजात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिथेच विकलो गेलो.

आमच्या लॅबमध्ये फ्रिक्शन सरफेसिंग होतं. फिरणारा रॉड प्लेटवर दाबून सरकवायचा, घर्षणाने मऊ झालेला त्याचा धातू मागे पट्टा, म्हणजे ट्रॅक, सोडत जातो. ॲल्युमिनियमसाठी आज ज्याचं कौतुक चालू आहे ते ॲडिटिव्ह फ्रिक्शन स्टर (पोकळ फिरत्या टूलमधून धातू ढकलून थर देणं) पोलादावर करायचं तर पोकळ टूलच झिजायला लागतं. टंगस्टनच्या मिश्रधातूंची टूल्स आपल्या लॅबच्या बजेटात बसत नाहीत. फ्रिक्शन सरफेसिंगमध्ये फिरणारा रॉड हेच टूल आणि तोच माल. पद्धत काही कालची नाही, तिचं ब्रिटिश पेटंट 1941 चं आहे. फ्रिक्शन स्टर वेल्डिंग (फिरत्या टूलने धातू ढवळून जोडणं) केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय या वेल्डिंग संशोधन संस्थेत आलं ते 1991 साली, म्हणजे 50 वर्षांनी. आपल्याकडे आयआयटी मद्रासमध्ये साध्या पोलादावर एच 13 टूल स्टीलचे थर देण्याचं चांगलं काम झालेलं आहे, ते आधी वाचा. वाचताना एक पथ्य पाळा. पेपरातले आकडे उचलून आपल्या मशीनवर लावू नका. त्यांचं मशीन ठरवलेला दाब धरून ठेवतं. आमचं म्हणजे जुन्या मिलिंग मशीनला जोडाजोड करून उभं केलेलं, रॉड ठरावीक वेगाने खाली ढकलणारं. त्यात दाब मिळतो तो मिळतो, आपण मागितलेला नव्हे. "मी 10 किलोन्यूटन लावले" असं मी पहिल्या सेमिनारमध्ये सांगितलं होतं. मशीनला दाब मोजणारा लोड सेलच नव्हता. ते परीक्षकांनी विचारलं नाही, हे माझं नशीब.

आता चूक.

16 मिलिमीटरचा रॉड, 1200 आरपीएम, सेकंदाला 4 मिलिमीटरची चाल. पहिले कित्येक ट्रॅक वाकडेतिकडे आले, मग एके दिवशी सुरेख पट्टा पडला. रुंदी 14 मिलिमीटर, जाडी दीड, वर चंद्रकोरीसारख्या रेघा. दोन्ही कडांना फ्लॅशची, म्हणजे बाहेर निसटलेल्या धातूची, झालर वळलेली होती. ती कटिंग मशीनच्या पकडीत बसेना, म्हणून मी अँगल ग्राइंडरने दोन्ही कडा साफ केल्या आणि उरलेला पट्टा लांबीच्या दिशेने मधोमध कापला. लांबीत कापलं की एकाच फोटोत जोडाची लांबच लांब रेषा दिसते, फोटो भारदस्त येतो. माउंट केला, पेपरवर घासला, नायटल (पोलादाची आतली रचना उघडी करणारं आम्ल) लावलं. 500 पटीत बघितलं तर जोड कुठे आहे ते शोधावं लागत होतं. ना फट, ना छिद्र. गाइडांना दाखवलं, ते खूश. पुढचे आठ महिने मी असेच नमुने केले. वेग बदलला, चाल बदलली, आणि प्रत्येक वेळी आधी कडा साफ करून मगच कापलं.

म्हणजे जे बघायला हवं होतं तेच मी रोज ग्राइंडरने उडवत होतो.

मग दुरुस्तीचा खरा प्रयोग आला. ईएन 8 च्या जाड प्लेटमध्ये 16 मिलिमीटर रुंद, सरळ भिंतींची उथळ खाच पाडली. रॉड 16 चा म्हणून खाच 16 ची, एवढाच विचार. खाच भरली, वरून मिलिंग केलं. पृष्ठभाग आरसा. डाय पेनेट्रंट (भेगेत शिरून रेघ दाखवणारा लाल रंग) मारून पाहिलं, एक रेघ उमटली नाही. प्लेटमधून खाचेला आडव्या पट्ट्या कापून बेंडिंग फटीगला, म्हणजे पुन्हा पुन्हा वाकवण्याच्या चाचणीला, लावल्या. त्याच प्लेटची कोरी पट्टी 10 लाख फेऱ्यांच्या पुढे गेली होती. भरलेली पट्टी लावून मी चहाला गेलो आणि परत आलो तर मशीन थांबलेलं.

तुटलेला भाग हातात घेतल्यावर भिंगाचीही गरज नव्हती. खाचेच्या भिंतीलगत निळसर-काळपट पट्टा होता. ताजं तुटलेलं पोलाद राखाडी दिसतं. निळं-काळं दिसतं ते गरम असताना हवा लागलेलं. म्हणजे ती जागा तुटली नव्हती, ती कधी जोडलीच गेली नव्हती. दुसरी पट्टी सरळ वाकवून बघितली. थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा कडेकडून सुटत आला आणि मध्यावर येऊन अडला. मधला भाग शेवटपर्यंत सुटला नाही. माझे फोटो खोटे नव्हते, फक्त मधल्या भागाचे होते.

असं का होतं ते नीट समजून घ्या. दोन स्वच्छ पोलादी पृष्ठभाग न वितळता जुळायचे तर दोन गोष्टी एकत्र लागतात. वरचा ऑक्साइड फुटून बाजूला झाला पाहिजे, आणि उघडा पडलेला धातू धातूवर दाबून धरला गेला पाहिजे. रॉडच्या मधल्या भागाखाली मऊ झालेला धातू चहूबाजूंनी कोंडलेला असतो, त्याला पळायला जागा नाही, म्हणून दाब टिकतो. कडेच्या धातूला मात्र बाहेरची वाट मोकळी असते. तो फ्लॅश होऊन वर वळतो. ओल्या मातीवर तळवा दाबला की बोटांच्या फटीतून माती वर येते, तसं. वर आलेल्या मातीला दाब कसला? तो धातू गरम असतो, मऊ असतो, खालच्या प्लेटवर टेकलेलाही असतो, पण नुसता टेकलेला. माझ्या 14 मिलिमीटरच्या पट्ट्यात खरा जोड सुमारे 10 मिलिमीटरचा होता. दोन्ही कडा सारख्याही नव्हत्या, कारण रॉडचं फिरणं आणि टेबलाची चाल एका बाजूला मिळून असतात, दुसऱ्या बाजूला एकमेकांविरुद्ध.

सरळ भिंतीच्या खाचेत हे आणखी बिघडतं. दाब येतो वरून खाली, म्हणजे तळाला मिळतो. उभ्या भिंतीला कोण दाबणार? तिथे फ्लॅश जाऊन बसतो आणि जागा भरल्यासारखी दिसते.

मग डाय पेनेट्रंटमध्ये का दिसलं नाही? मिलिंगने पोलाद सारवलं जातं. शेणाने जमीन सारवली की भेगा बुजतात तसा कटरखालचा पातळ थर फटीवर ओढला जातो. पेनेट्रंट आत शिरायला तोंडच उरत नाही. मिलिंगनंतर हलकं एचिंग करून, म्हणजे आम्लाने तो थर खाऊन, मग पेनेट्रंट मारला तेव्हा दोन लाल रेघा लख्ख उमटल्या, खाचेच्या लांबीभर.

उपाय साधे आहेत, पण आधी सुचायला हवे होते. खाच रॉडपेक्षा बरीच रुंद घ्या आणि भिंती उतरत्या करा, म्हणजे वरच्या दाबाचा काही वाटा भिंतीलाही मिळतो. एका ट्रॅकने खाच भरण्याचा हट्ट नको. ट्रॅक एकमेकांवर चढवा, आणि पुढचा चढवण्याआधी मागच्याची कड मिलिंगने खऱ्या जोडापर्यंत उडवा. मोजायची ती जोडाची रुंदी, पट्ट्याची नव्हे. आडवा छेद घ्या, फ्लॅशसकट, कडा शाबूत ठेवून. पकडीत बसत नसेल तर पकड बदला. सुरुवातीचे दोन-तीन सेंटिमीटर वेगळे कापून बघा, तिथे रॉड अजून थंड असतो. शेवटही बघा, जिथे रॉड उचलला जातो.

हे वाचून घाबरला असाल तर घाबरू नका. ही पद्धतीची खोड आहे, तुमच्यातला दोष नाही. कड उडवून भरलेल्या माझ्या पुढच्या पट्ट्या चांगल्या चालल्या, कोऱ्यासारख्या नाहीत, पण प्रबंध सादर करण्याइतक्या नक्की.

गाइडांबद्दल. लॅबमध्ये न येणारा गाइड वाईटच असतो असं नाही, पण तो तुम्ही दाखवाल तेवढंच बघतो. मी सुंदर फोटो दाखवले, त्यांनी सुंदर फोटो बघितले. तुमचा खरा गुरू वर्कशॉपमधला टर्नर किंवा वेल्डर असतो असं माझं मत आहे, आणि ते बदलेल असं वाटत नाही. तुटलेला तुकडा मी काकांना दाखवला. फ्रिक्शन सरफेसिंग म्हणजे काय हे त्यांना मी तीनदा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा ते म्हणाले होते, "मग ह्ये वेल्डिंगच की!" तुकडा त्यांनी उजेडात धरला आणि म्हणाले, "कड सोडलीस व्हय रं?" मला आठ महिने लागले त्या गोष्टीला त्यांना आठ सेकंदं लागली. आर्कच्या पट्ट्याची कड खाली नीट बसली नाही की शाफ्ट तिथूनच जातो हे त्यांनी आयुष्यभर बघितलंय. मी त्यांना आधीच का विचारलं नाही? कारण मी एमटेकला होतो.

शॉर्टकटांपैकी सिम्युलेशनवर माझा विशेष राग आहे. मशीन बंद पडलं की मुलं सॉफ्टवेअरकडे वळतात आणि रंगीत तापमानाचे नकाशे आणतात. नकाशाला आपण जोड झालाय असं सांगितलेलं असतं, मग तो जोड झालेलाच दाखवतो. आधी तापमान मोजणारा थर्मोकपल लावा, मग बोलू.

"सॉलिड-स्टेट म्हणजे उष्णतेचा त्रास नाही" हे वाक्यही डोक्यातून काढा. रॉडचं टोक केशरी होतं. खालचं पोलाद ऑस्टेनाइटमध्ये (तापलेल्या पोलादाच्या रचनेत) जातं, आणि जाड थंड प्लेट ती उष्णता झटकन ओढून घेते, की झाला मार्टेन्साइट, कडक आणि ठिसूळ. माझ्या ईएन 8 च्या प्लेटची मूळ कठिणता 200 विकर्सच्या आसपास होती, ट्रॅकखाली काही ठिकाणी 500 च्या वर गेली. वितळल्यामुळे होणारे तडे आणि छिद्रं टळतात, हे खरं. टेम्परिंग (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवणं) टळत नाही. हार्डनेसचा नकाशा वरून खालपर्यंत घ्या, नुसता थरावर नको.

कोल्ड स्प्रे मिळालेल्यांचं दुखणं वेगळं. 1980 च्या दशकात नोवोसिबिर्स्कमध्ये सापडलेली ही पद्धत. धातूची भुकटी गरम वायूच्या झोतात आवाजापेक्षा जास्त वेगाने आदळवायची आणि आदळण्यानेच चिकटवायची. तिथे थर फवारल्या फवारल्या ठिसूळ असतो आणि वायूचं बिल डोळे फिरवतं. हैदराबादच्या एआरसीआय या सरकारी संशोधन केंद्रात ही सोय आहे. 2025 मध्ये युमास ॲमहर्स्ट (मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ) आणि एमआयटीच्या लोकांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टनच्या एका जुन्या पुलाच्या गंजलेल्या तुळईवर जागेवर जाऊन अशी पोलादाची भुकटी फवारली. बातमी सगळ्यांनी वाचली. मला त्यातलं आवडलं ते हे, की त्यांनी लवकरच पाडला जाणार असलेला पूल निवडला. पाडल्यावर तुळई हातात येणार, मग कापून बघता येणार.

नोकरीचं सरळ सांगतो. "फ्रिक्शन सरफेसिंग इंजिनिअर हवा" अशी जाहिरात मी आजवर बघितलेली नाही. मला पुण्यात काम मिळालं ते तुटलेले भाग बघून ते का तुटले हे सांगण्याचं, आणि मुलाखतीत चालला तो तोच निळा पट्टा. सुंदर फोटोंबद्दल कुणी विचारलं नाही. नमुना नीट कापणं, घासणं, एचिंग, हार्डनेस, तुटलेला पृष्ठभाग वाचणं एवढं हाताला बसलं असेल तर वेल्डिंगच्या, हीट ट्रीटमेंटच्या, फाउंड्रीच्या कुठल्याही ठिकाणी दार उघडतं. पगार सुरुवातीला कॉम्प्युटरवाल्या मित्रांच्या निम्मा असेल. ते खुपतं. मला अजूनही महिन्याच्या शेवटी खुपतं.

मागच्या दिवाळीत काकांनी विचारलं, "इंचाला किती पडंल?" मी बसून हिशेब मांडला. रॉड, प्रत्येक ट्रॅकमागचं मिलिंग, टेम्परिंग, कापून तपासायचे जादा नमुने. आर्कच्या जवळजवळ तिप्पट. "मग ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. "पण ईएन 24 चा कुणाचा आला तर सांगतो." गेल्या आठवड्यात एक आलाय, दोनदा आर्कने भरून दोन्ही वेळा शेजारी तुटलेला. त्याचा कापून टाकलेला टोकाचा तुकडा मी मागून घेतलाय. शाफ्टला हात लावायच्या आधी त्या तुकड्यात उतरत्या भिंतींची खाच पाडायची, भरायची आणि आडवी कापायची. या वेळी पकड मोठी करून घेतली आहे.