मांसाला धूर देण्यासाठी अनोळखी लाकूड: या चुका टाळा

कुंपण साफ करताना निघालेलं लाकूड कडक आणि वाळलेलं असलं की ते मटणाच्या धुरासाठी ठेवावंसं वाटतं. पण झाड कोणतं हे पक्कं ठरेपर्यंत त्याचा ढलपाही पेटवू नका.

“थोडं जाळून वास घेऊ” ही सगळ्यांत घातक चूक. कण्हेरीचा धूरही विषारी असतो. बिब्ब्याच्या चिकाने कातडीवर फोड येतात आणि त्याचा धूर डोळ्यांना, छातीला बाधतो. खाडीकाठच्या गेव्याचंही तेच, शिवाय खारफुटी तोडायला मनाई आहे. धुराच्या वासावरून यातलं काहीच कळत नाही.

नुसत्या ओंडक्यावरून झाड ओळखणंही धोक्याचं. वाळताना रंग बदलतो, साल सुटते. झाडापाशी परत जा आणि पानांची मांडणी दिसेल अशी हातभर फांदी, फूल, फळ किंवा शेंग घ्या. झाड तोडलेलं असेल तर बुंध्याला फुटलेले धुमारे पाहा. नमुना वर्तमानपत्रात दाबून जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवा. मोबाइल ॲपने सांगितलेलं नाव हा फक्त अंदाज. फूल-फळ जुळल्याशिवाय तो धरू नका. सालीला चीर दिल्यावर पांढरा चीक आला म्हणजे झाड विषारी, असं नाही. चिकू आणि फणसालाही तो असतो. मात्र चीक हवेत काळा पडत असेल तर हात न लावता सोडून द्या.

गावातल्या नावानेही फसगत होते. बाभळीची फुलं गोल पिवळ्या गोंड्यांची आणि शेंगा मण्यांच्या माळेसारख्या. वेड्या बाभळीचे तुरे लांबट, शेंगा पिवळसर आणि सलग. ही वेडी बाभूळ टेक्सासमध्ये मांसाच्या धुरासाठी वापरल्या जाणाऱ्या मेस्कीटची जवळची नातलग. धूर उग्र, म्हणून किलोभर मटणाला ५० ग्रॅमपासून सुरुवात करा. पेरू आणि जांभूळ सौम्य; १०० ग्रॅम चालतं.

पॅकिंगच्या फळ्या, प्लायवूड, रंग लावलेलं किंवा बुरशी चढलेलं लाकूड नकोच. फळीवर ‘एमबी’ शिक्का असेल तर तिला मिथाइल ब्रोमाइड या विषारी कीडनाशक वायूची धुरी दिलेली असते.

मांसावर काळा, कडवट थर आला आणि जीभ बधिर झाली, तर बहुतेक वेळा झाडाचा नव्हे, ओलाव्याचा आणि कोंडलेल्या हवेचा दोष असतो. ते मांस खाऊ नका. लाकूड मनगटाएवढं फोडून सावलीत वाळवा आणि दर आठवड्याला वजन करा; वजन घटायचं थांबलं की ते तयार. धुराच्या भट्टीच्या झाकणाची झडप पूर्ण उघडी ठेवा. दाट पांढरा धूर विरून पातळ निळसर झाला की मगच मांस ठेवा.

एवढं करूनही चव कडूच लागली, तर उकडलेल्या बटाट्याचे दोन भाग करून एकाला पेरूचा, दुसऱ्याला या ओळख पटलेल्या लाकडाचा २० मिनिटं धूर द्या. आच आणि झडप दोन्ही वेळा सारखीच ठेवा. पेरूच्या धुराचाच बटाटा चांगला लागला, तर ते लाकूड बाजूला काढा.