बोडीच्या साचलेल्या पाण्यात सायप्रिनसची अंडी कशी मिळवावीत

रोहू, कटला आणि मृगळ हे मासे पावसाळ्यात नदीच्या वाहत्या पुरात अंडी घालतात. बोडीत, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यात, किंवा शेततळ्यात मादीचे पोट अंड्यांनी भरले, तरी ती अंडी आपोआप बाहेर पडत नाहीत. त्यासाठी माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन द्यावे लागते, आणि हे तंत्र मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी 1957 मध्ये ओडिशात यशस्वी केले. सायप्रिनस (कॉमन कार्प) हा मासा मात्र साचलेल्या पाण्यातही अंडी घालतो, म्हणून भंडारा-गोंदियाकडच्या नवख्या शेतकऱ्याने याच माशापासून सुरुवात करावी.

विदर्भातले ऊन तापण्यापूर्वीचा, म्हणजे फेब्रुवारीचा काळ या कामाला उत्तम. तीन-चार आठवडे आधी नर व मादी वेगळे ठेवावेत. पोट हलकेच दाबताच दुधासारखा द्रव येतो तो नर. मादीचे पोट फुगीर व मऊ असते आणि तिचे जननद्वार लालसर दिसते.

त्यानंतर मच्छरदाणीसारख्या बारीक कापडाचा, दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद व खोल असा हापा, म्हणजे पाण्यात टांगायची जाळीची पेटी, बोडीत चार बांबूंना बांधावा. त्याचा तळ गाळाला टेकू देऊ नये. सायप्रिनसची अंडी चिकट असल्याने त्यांना आधार लागतो. मादीच्या एक किलो वजनामागे सुमारे दोन किलो हायड्रिला ही पाणवनस्पती हाप्यात पसरावी. ती आधी स्वच्छ धुणे अत्यावश्यक आहे. एकदा मी घाईत न धुताच टाकली, आणि तिच्यासोबत आलेल्या पाणकिड्यांनी नुकती फुटलेली पिल्ले फस्त केली.

संध्याकाळी एक मादी आणि दोन नर हाप्यात सोडावेत. रात्री नर मादीचा पाठलाग करतात, पाणी खळबळते, आणि सहसा सकाळपर्यंत अंडी पडलेली असतात. एक काडी उचलून उजेडात धरावी: मोहरीहून लहान, पिवळसर व पारदर्शक दाणे फळलेले असतात, तर पांढरे व अपारदर्शक झालेले दाणे मेलेले. एक किलोची मादी लाखभर अंडी घालते. पण आई-बापच ती खातात, म्हणून त्यांना लगेच बाहेर काढावे. अंडी लागलेली वनस्पती दुसऱ्या हाप्यात विरळ पसरावी, कारण दाट ढिगात अंड्यांना प्राणवायू कमी पडतो आणि बुरशी धरते.

दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. पिल्ले आणखी दोन-तीन दिवस काड्यांना लटकून पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगतात, तेव्हा त्यांना काहीही खायला घालू नये. ती मोकळी पोहू लागली की वनस्पती पाण्यातच हलकेच झटकून काढावी. हेच मत्स्यजिरे. ते सकाळच्या थंड वेळी, शिकारी मासे काढून टाकलेल्या संगोपन तळ्यात सोडून, भुईमुगाची ढेप व भाताचा कोंडा समप्रमाणात बारीक चाळून द्यावा. हे बीज जुन्या मामा (माजी मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या) तलावात मात्र सोडू नये. सायप्रिनस तळ उकरतो, पाणी गढूळ करतो आणि ज्या पाणवनस्पतींच्या आधाराने आपले गावठी मासे वाढतात, त्या मुळासकट उपटतो.