बाबेलची मातीची पाटी नाशिकला आणताना: ख्रिस्ती थ्रिलर कसा लिहावा

ख्रिस्ती थ्रिलर लिहायला घेतलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो असा: उत्खननात असं काहीतरी सापडू दे की अख्खी ख्रिस्ती श्रद्धा हादरली पाहिजे. हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. रविवारी उपासनेला जाणाऱ्या वाचकाला पहिल्याच पानावर ठाऊक असतं की शेवटी काही हादरणार नाही. उपासनेला न जाणाऱ्याला त्याचं काही सोयरसुतक नसतं. म्हणजे थरार सुरू होण्याआधीच दोघांच्याही लेखी संपलेला असतो.

मी उलट्या बाजूने सुरुवात करायला सांगतो. पवित्र शास्त्र तुम्ही वाचलेलं आहे आणि कथा लिहिण्याचा हात बसलेला आहे, हे धरून चालतो.

१. वस्तू लहान निवडा

कराराचा कोश, नोहाचं तारू, शेवटच्या भोजनाचा प्याला हे सगळं सोडा. खऱ्या उत्खननात काय हाती येतं ते पाहा. १९६१ साली कैसरियाच्या जुन्या नाट्यगृहात पंतय पिलाताचं नाव कोरलेला दगड मिळाला, तोही दुसऱ्या बांधकामात पुन्हा वापरलेला. १९७९ साली यरुशलेममध्ये केतेफ हिन्नोमच्या थडग्यांत चांदीच्या दोन इवल्याशा गुंडाळ्या मिळाल्या. त्या न मोडता उलगडायला काही वर्षं गेली. आत गणना ६ मधला आशीर्वाद होता, उपासना संपताना पाळकसाहेब हात वर करून देतात तोच.

माझी आवडती वस्तू याहून साधी आहे. जर्मन पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट कोल्डवाय यांनी १८९९ ते १९१७ बाबेल, म्हणजे आजच्या इराकमधलं बॅबिलॉन, खणलं. नबुखद्नेस्सरच्या राजवाड्यातल्या तळघरी खोल्यांत सुमारे तीनशे मातीच्या पाट्या निघाल्या. राजवाड्यावर पोसलेल्या लोकांना किती तेल, किती धान्य दिलं याचा तो हिशेब. रेशन दुकानाच्या वहीचं पान असावं, तितका रूक्ष. आणि त्या हिशेबात यहूदाचा राजा यहोयाखीन आहे, त्याचे पाच मुलगेही आहेत. २ राजे २५च्या शेवटी बंदिवान यहोयाखीनला रोजचा शिधा मिळाल्याचं जे लिहिलंय, त्याच माणसाच्या नावे हे तेल.

या पाट्या बर्लिनला गेल्या आणि त्यांतला मजकूर अर्न्स्ट वाइडनर यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केला. हे साल कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा. तुमची कादंबरी याच सालाभोवती फिरणार आहे.

२. ती नाशिकला आणा

नायकाला विमानात बसवून यरुशलेमला पाठवण्याचा मोह आवरा. तिथली गल्ली तुम्ही पाहिलेली नसेल तर ते दर ओळीला कळतं. नाशिकमध्ये दोन जुन्या वाटा तयार आहेत.

एक शरणपूरची. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली वसवलेली ही ख्रिस्ती वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे शिकली. त्यांतला जेकब वेनराइट आफ्रिकेचा प्रवासी-मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शेवटच्या प्रवासात होता आणि १८७४ मध्ये लिव्हिंग्स्टनचं शव घेऊन इंग्लंडपर्यंत गेला. शरणपूर रोडवर रोज गाडी चालवणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? पण ही वाट आफ्रिकेकडे जाते. ती वेगळ्या कादंबरीसाठी ठेवा.

दुसरी देवळाली कॅम्पची, म्हणजे लष्करी छावणीची, आणि आपल्याला हीच हवी. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. ११ मार्च १९१७ ला बगदाद ब्रिटिशांच्या हाती आलं, त्याच महिन्यात जर्मन मंडळी बाबेलचं उत्खनन अर्धवट टाकून निघाली. लष्करी इस्पितळातला एखादा नाशिकचा ख्रिस्ती कंपाउंडर त्या ढिगाऱ्याजवळून गेला, तळहाताएवढी पाटी उचलली, देवळालीला परतला आणि ट्रंकेत ठेवून दिली. त्याला ती चोरी वाटली नाही. बाबेलची माती, शास्त्रातल्या गावाची आठवण, एवढंच.

३. मधली शंभर वर्षं

इथे मी सगळ्यात जास्त अडकलो होतो आणि इथेच बहुतेक हस्तलिखितं मरतात. लेखक वस्तू ट्रंकेतून काढतो, तज्ज्ञाकडे नेतो, तज्ज्ञ भिंग लावून "अरे देवा!" म्हणतो आणि पाठलाग सुरू होतो. १९१७ पासून आजपर्यंत पाटी कुणाकुणाच्या हातात होती, हे लेखकाने स्वतःलाच विचारलेलं नसतं.

पुरातत्त्वात हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. जमिनीतून कुठल्या थरातून निघाली हे माहीत नसेल तर वस्तूची निम्मी साक्ष गेली. नंतर कुणाकडून कुणाकडे गेली हेही माहीत नसेल तर ती खोटी किंवा चोरीची असण्याचा संशय कायम राहतो. उदाहरणं खरी आहेत. एप्रिल २००३ मध्ये बगदादचं संग्रहालय लुटलं गेलं, उत्खननाच्या जागाही लुटल्या गेल्या. ६ ऑगस्ट १९९० नंतर इराकमधून बेकायदा बाहेर पडलेल्या वस्तूंची खरेदी-विक्री थांबवा, असा ठराव संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्येच केला. तरी माल फिरत राहिला. हॉबी लॉबी या अमेरिकन कंपनीच्या मालकांनी बायबल संग्रहालय उभं केलं, त्याच कंपनीला २०१७ मध्ये इराकी पाट्यांसह हजारो वस्तू परत कराव्या लागल्या आणि तीस लाख डॉलर भरावे लागले. काही खोक्यांवर 'फरशीचे नमुने' असं लिहिलेलं होतं. श्रद्धावंत माणसं होती. शास्त्रावरच्या प्रेमापोटी विकत घेत होती. तुमच्या कथेचं बी याच वाक्यात आहे, ते सोडू नका.

आता १९३९ कडे या. कंपाउंडरच्या पाटीवरही यहोयाखीनचं नाव आहे असं धरा. बाबेलच्या हिशेबात यहोयाखीनचं नाव असतं हे त्याआधी जगाला ठाऊकच नव्हतं. म्हणून त्याआधी नाशिकमध्ये ही पाटी होती असा एखादा कागद मिळाला, तर ती बनावट असण्याची शक्यता जवळजवळ संपते आणि २००३च्या लुटीतली असण्याचा प्रश्नच उरत नाही. कागद मिळाला नाही, तर ती कालपरवा कुणा व्यापाऱ्याने ट्रंकेत सारलेली असू शकते. म्हणजे सगळी कादंबरी एका कागदाच्या शोधात आहे. माझ्या मते पिस्तुलापेक्षा यात जास्त धार आहे.

तो कागद कुठे असेल? चर्चच्या कपाटात. बाप्तिस्म्याच्या नोंदी, दानाची वही, कमिटीच्या सभेचं इतिवृत्त. कंपाउंडरने पाटी पाळकसाहेबांना दाखवली असेल, कुणीतरी एक ओळ लिहिली असेल. तुमची नायिका, त्याची पणती, ते कपाट उघडून बसते. आजी सांगते, "अगं, नोंद आहे. माझ्या सासऱ्यांनी स्वतः लिहिलेली." वही सापडते, १९२१ चं पान सापडतं. पानावर नोंद नाही. पण दोन नोंदींच्या मध्ये एक ओळ बसेल एवढी कोरी जागा आहे.

इथे थांबा आणि हे प्रकरण पुन्हा पुन्हा लिहा. पाटी खरी आहे याची नायिकेला मनापासून खात्री आहे. एक ओळ लिहिली तर शास्त्राच्या बाजूने साक्ष उभी राहते, मोडकळीला आलेल्या चर्चला निधी मिळतो, आजीचा शब्द राखला जातो. पाळकसाहेबही तिथेच बसलेत आणि काही बोलत नाहीत. निर्गम २० मधली खोट्या साक्षीची आज्ञा तिला लहानपणापासून पाठ आहे. त्याहून बोचरा सवाल ईयोब १३:७ मध्ये आहे. ईयोब आपल्या मित्रांना विचारतो, देवाची बाजू घेण्यासाठी तुम्ही खोटं बोलणार का? ख्रिस्ती थ्रिलरमधला धोका मला इथे दिसतो. गुप्त पंथ, कटकारस्थानं, विषाचे प्याले यांपैकी कशाचीही गरज उरत नाही.

दोन ताकिदी. ती ओळ कुणी लिहिली हे वाचकाला लगेच कळू देऊ नका. पुढच्या वेळी वही उघडेल तेव्हा नोंद तिथे असू दे. आणि आजीला खोटारडी करू नका. तिला जे आठवतं ते दुसऱ्या वहीत असू शकतं, आणि ती वही शोधायला शेवटची शंभर पानं पुरतात.

४. तपासणी

कार्बन चाचणीने नेमकं साल सांगणारा प्रोफेसर वाचला की मी पुस्तक मिटतो. कार्बन चाचणी एकेकाळी सजीव असलेल्या पदार्थावर होते: कातडं, पपायरस, लाकूड. मातीच्या पाटीला ती लागू पडत नाही, आणि जिथे लागू पडते तिथेही उत्तर काळाच्या पट्ट्यात येतं. शिवाय बनावट करणारा जुनाच कोरा पपायरस वापरतो, मग चाचणी खरी आणि मजकूर खोटा.

पाटीची परीक्षा डोळ्यांनी होते. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च एका बाजूने तिरका धरला की खिळ्यासारखी अक्षरं उठून दिसतात. अस्सल पाटी खालून वर उलटून वाचतात, बाजूने उलटून नाही. साच्यातून काढलेल्या नकलेच्या कडेला जोड दिसू शकतो. खिळाक्षरी वाचणारा माणूस नाशिकमध्ये बसवू नका. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातली पुरातत्त्वाची अभ्यासक नायिकेला पाटी कशी जपायची आणि फोटो कसे काढायचे ते सांगेल. वाचन परदेशातून ईमेलने येईल, उशिरा येईल, अर्धवट येईल. तो उशीर तुमच्या कामाचा आहे.

पाटी परदेशी पाठवून मोकळं होता येत नाही. १९७२च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. व्यापारी नेमकं हेच "मी बघतो" म्हणतो.

५. व्यापारी, पूर आणि बाकीचं

खलनायक कुठल्याही धर्माचा प्रतिनिधी नसावा. तो माल ओळखणारा माणूस आहे, बस्स. त्याची पेढी सराफ बाजारात द्या.

कारण बाबेलच्या अशा बहुतेक पाट्या भट्टीत भाजलेल्या नसतात, उन्हात वाळवलेल्या असतात. पाण्यात त्या विरघळतात. आणि गंगापूर धरणातून पाणी सुटलं, गोदावरीच्या पात्रातला पुराची पातळी दाखवणारा दुतोंड्या मारुती बुडत चालला की सराफ बाजाराची धांदल काय असते हे नाशिककराला सांगावं लागत नाही. हा पाठलाग फुकट मिळालेला आहे. वाचक मारुतीच्या कमरेचं पाणी, छातीचं पाणी मोजत पुढे जाईल.

पात्रांची भाषा जपा. नाशिकची मराठी ख्रिस्ती माणसं गायकवाड, साळवे, शिंदे असतात आणि घरात मराठीतच भांडतात. सगळ्यांना डिसोझा करून तोडकं बोलायला लावणारं हस्तलिखित मी पुढे वाचत नाही.

प्रार्थनेने कुलूप उघडू नका. प्रार्थना करून उठलेली नायिका कमिटीपुढे खरं बोलायला उभी राहते, इतकं प्रार्थनेने करावं. कुलूप तिने स्वतः उघडावं.

६. शेवट

पाटी वाचवायची की पुरात घालवायची हे तुम्ही ठरवा. मी वाचवतो, आणि नावाचा भाग झिजलेला ठेवतो: राजाचं नाव अर्धं, तेलाचं माप पूर्ण. मग कमिटीच्या सभेत प्रश्न येतो, ही ठेवायची का? आजीची खरी वही तोवर मिळालेली असते, म्हणून पाटी चोरबाजारातली नाही हे सिद्ध झालेलं असतं. तरीही कंपाउंडरने ती दुसऱ्याच्या देशातून उचललेली असते, आणि तेही त्याच वहीत त्याच्या हस्ताक्षरात असतं. कमिटीतल्या प्रत्येकाला बोलू द्या, कुणालाही मूर्ख ठरवू नका, आणि मतदान घ्या.