कंपाइल मध्येच कोसळतंय? आधी कुठे कोसळतंय ते बघा

महाप्यातल्या (नवी मुंबईतल्या) आयटी कंपन्यांत नव्याने रुजू झालेली मुलं हमखास विचारतात, "सर, जीसीसी (कोडचा प्रोग्राम बनवणारा कंपायलर) इंटर्नल कंपायलर एरर, सेगमेंटेशन फॉल्ट म्हणतोय. कोडमध्ये काय चुकलं?" तुमचा कोड कितीही गचाळ असो, कंपायलरने एरर दाखवावी, स्वतः मरू नये. तो मेला तर संशय कोडवर नाही, कंपायलरवर किंवा रॅमसारख्या हार्डवेअरवर घ्यायचा.

आधी सोपी शक्यता. 'किल्ड', सिग्नल ९ दिसलं तर रॅम खराब नाही, अपुरी आहे. लिनक्सच्या ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोग्राम बंद पाडणाऱ्या यंत्रणेने) प्रोसेस मारली, त्याची नोंद डीमेसेग (dmesg) या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत सापडेल. बिल्ड चालवणाऱ्या मेक या टूलचे समांतर जॉब (एकाच वेळी कंपाइल होणाऱ्या फाइली) कमी करा, विषय संपला.

सिग्नल ११, म्हणजे तोच सेगमेंटेशन फॉल्ट, असेल तर तीच बिल्ड पुन्हा चालवा. दर वेळी त्याच फाइलवर पडली तर संशय कंपायलरवर. दुसरी आवृत्ती लावून पाहा. कधी इथे, कधी तिथे, तर हार्डवेअर.

पण यात एक मेख आहे, आणि तिच्यापायी मुलं दिवस घालवतात. लिनक्स एकदा वाचलेली फाइल रॅममध्येच ठेवतो. एखादी हेडर फाइल नेमकी खराब जागी बसली, की खराब रॅमही दर वेळी त्याच ओळीवर पाडते. आस्कीत, म्हणजे अक्षरांना आकडे देणाऱ्या कोडमध्ये, 'आय' (i) म्हणजे १०५ आणि 'ए' (a) म्हणजे ९७. फरक एका बिटाचा. तेवढ्यात 'इंट'चं (int) 'अँट' (ant) होतं आणि गिटमध्ये (कोडमधल्या बदलांच्या नोंदीत) तर कुणी हात लावलेला नसतो! फाइलचा चेकसम (मजकुरावरून काढलेला ओळखआकडा) घ्या, रीबूट करा, पुन्हा घ्या. आकडा बदलला तर कोडला दोष देणं बंद.

मग मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. त्याआधी बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग) बंद करा, नाहीतर जास्त वेगाने पळवलेली धडधाकट रॅमही नापास व्हायची. एकसुद्धा एरर आली तरी नापासच. मग एकेक स्टिक वेगळी लावून, स्लॉट बदलून दोषी कोण ते ठरवा. सगळं हिरवं आलं तरी रॅम सुटली असं मी मानत नाही, आणि प्रोसेसर तर नाहीच नाही: २०१७ मध्ये एएमडीचे सुरुवातीचे काही रायझन प्रोसेसर लिनक्सवर समांतर कंपाइल करताना असेच पडायचे, आणि एएमडीने ते बदलून दिले. मे महिन्यात एसी बंद असताना तापमानही बघून घ्या.

लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, रॅम बदलायला निघालात तर बिलासोबत मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो ठेवा. दुकानदार विंडोज चालू करून दाखवतो आणि म्हणतो, "चालतेय की!"