छायाचित्र विभागप्रमुख व्हायचंय? मग या चुका टाळा

बेळगावात पंचवीस-तीस वर्षं वृत्तपत्रासाठी फोटो काढलेला माणूस विभागप्रमुखाच्या जागेसाठी मुलाखतीला जातो, तेव्हा बहुतेक वेळा काखेत जाड अल्बम असतो. ऑगस्ट २०१९चा कृष्णेचा महापूर, सौंदत्तीच्या डोंगरावर उधळलेला भंडारा, सुवर्ण विधानसौधपुढचं आंदोलन, निपाणीतल्या तंबाखूच्या वखारी. फोटो अस्सल असतात, तरी जागा दुसऱ्याला मिळते आणि टपरीवर ‘वशिला लागतो हो’ असा निकाल लागतो. वशिला चालतो, नाकारत नाही. पण अल्बमनं तुमचा हात कळतो, निवड कळत नाही. त्या खुर्चीतला माणूस स्वतः क्वचितच कॅमेरा उचलतो. दिवसभर तो दुसऱ्यांचे फोटो बघतो आणि त्यातले बहुतेक बाजूला ठेवतो.

म्हणून अल्बमऐवजी एकाच घटनेचं सगळं काम न्या. सहकाऱ्यांच्या परवानगीनं त्यांच्याही फ्रेम त्यात घ्या. शेदोनशे फोटोंतून दहा कसे उरले, दहातून पहिल्या पानाचा एक कसा ठरला, आणि तुमचा स्वतःचा आवडता फोटो का गळाला, हे सांगा. शेवटचं उत्तर संपादक कान देऊन ऐकतात.

दुसरी चूक सीमाभागात फार दिसते. १ नोव्हेंबरचं उदाहरण घ्या. एकाच शहरात राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि मराठी भाषिकांचा काळा दिनही पाळला जातो. ‘तीन फोटोग्राफर आहेत, कुणाला कुठं पाठवाल?’ असं विचारलं, की जुनी मंडळी छाती काढून म्हणतात, ‘चौकात मी स्वतः उभा राहीन.’ इथंच मुलाखत घसरते. तुम्ही गर्दीत अडकलात तर दुसरीकडे लाठीमार झाल्याचा फोन कोण घेणार? जिल्हा पानाचे फोटो कोण सोडणार? नव्या पोराला कुणाच्या शेजारी उभं करायचं, कन्नड सफाईनं बोलणारा कुठं हवा, बंदोबस्तावरच्या अधिकाऱ्याशी आदल्या दिवशी कोण बोलेल, कुणी किती वाजेपर्यंत पहिला फोटो धाडायचा, हे त्या उत्तरात यायला हवं. दोन्ही बाजूंचे फोटो कोणत्या पानावर, किती आकारात जातील, तेही सांगा. इथला वाचक कॉलम मोजतो! मोक्याचं काम कायम स्वतःकडे ठेवणाऱ्या साहेबाच्या हाताखाली चांगली पोरं टिकत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

आता संग्रह. इथं अनुभवी माणसाचं पारडं जड असायला हवं, पण नेमकी तिथंच बोंब असते. निगेटिव्ह बुटांच्या खोक्यात, डिजिटल फोटो चार हार्ड डिस्कवर, आणि फाइलचं नाव कॅमेऱ्यानं दिलेला आकडा. अर्ज करण्याआधी निदान मोठ्या घटना लावून घ्या. फाइलच्या नावात तारीख, गाव आणि विषय असू द्या. फोटोखालच्या ओळी वेगळ्या वहीत न ठेवता फाइलच्याच आयपीटीसी रकान्यांत (फोटोच्या फाइलमध्येच माहिती लिहायच्या ठरलेल्या जागा) भरा. बेळगावचं अधिकृत इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ला Belgaumचं Belagavi झालं. त्यामुळं शोधशब्दांत जुनं-नवं दोन्ही स्पेलिंग टाका, नाहीतर शोधताना अर्धा संग्रह हाती लागणार नाही. प्रती तीन, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत.

नेहमीच्या काही अडचणी तर चुटकीसरशी सुटतात. खानापूर, अथणीहून आलेला फोटो छापताना फुटत असेल, तर तो बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखा आलेला असतो. त्यात फोटो दाबला जातो आणि भरलेली माहितीही गळते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. दोन कॅमेऱ्यांचे फोटो क्रमानं लागत नसतील, तर घड्याळं जुळवायची राहिलीत. लाइटरूम या फोटो हाताळायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेळ एकगठ्ठा पुढं-मागं सरकवता येते.

कायद्याचं अज्ञान मात्र महागात पडतं. ‘मी काढला म्हणजे फोटो माझा’ आणि ‘पगार दिला म्हणजे फोटो आमचा’, दोन्ही अर्धवट आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७नुसार, वेगळा करार नसेल, तर नोकरीत असताना वृत्तपत्रासाठी काढलेल्या फोटोचा वृत्तपत्रात किंवा नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकी बाबतींत छायाचित्रकाराचा. करारात मात्र बरेचदा सगळंच लिहून घेतलेलं असतं, तेव्हा आपलं नेमणूकपत्र आधी काढून वाचा. मानधनावर काम करणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. उद्या तुमच्या हाताखालचा पोरगा हेच विचारायला येणार आहे. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, प्रकरणात मुलाची ओळख पटेल असा फोटो छापता येत नाही. चेहरा झाकला पण घर, शाळेचा गणवेश किंवा आई-बाप दिसले, तरी ओळख पटतेच. असा फोटो रात्री उशिरा घाईघाईनं पानावर जाताना अडवणं हे तुमच्या पगाराचं काम.

आणि जागा देतो म्हणाले की हुरळून लगेच ‘हो’ म्हणू नका. पहिल्या पानाच्या फोटोवर शेवटचा शब्द कुणाचा, तालुक्यातल्या मानधनवाल्यांना फोटोमागं किती आणि कधी मिळणार, लेन्स पडून फुटली तर दुरुस्ती कुणाच्या खिशातून, ही तीन उत्तरं रुजू होण्याआधी लेखी घ्या.