फ्रीकॅडमध्ये स्केच सेंटरला कसं बसवावं: मोटर प्लेटचं उदाहरण

थ्रीडी प्रिंटर किंवा छोट्या सीएनसीमध्ये सर्रास वापरली जाणारी नेमा १७ स्टेपर मोटर बसवायची तर तिची मापं ठरलेली असतात. मोटरचा चेहरा साधारण ४२.३ मिमी चौरस असतो, मधला गोल उंचवटा २२ मिमी व्यासाचा आणि एम३ स्क्रूची चार भोकं एकमेकांपासून ३१ मिमीवर. या मोटरसाठी ५० मिमी चौरस प्लेट काढायची आहे आणि सगळं बरोबर मधोमध हवं आहे.

बरेच जण इथे कागदावर भागाकार करतात. ५० चे निम्मे २५, म्हणून मधलं भोक दोन कडांपासून २५ मिमीवर. आज ते बरोबर दिसतं. उद्या प्लेट ६० ची केली की ते २५ तसेच राहतात आणि भोक दोन्ही दिशांना ५ मिमी सरकलेलं असतं. म्हणून माझा आग्रह असा की ‘मधोमध’ ही गोष्ट मापाने सांगायचीच नाही, ती कन्स्ट्रेंटने, म्हणजे आकृतीच्या भागांमधलं नातं ठरवणाऱ्या नियमाने, सांगायची. फ्रीकॅड हे थ्रीडी डिझाइनचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. पुढच्या पायऱ्या तिच्यावर धरल्या आहेत.

१. पार्ट डिझाइनमध्ये नवीन बॉडी घ्या, एक्सवाय प्लेनवर स्केच (सपाट आकृती) उघडा. ओरिजिनच्या (दोन अक्ष छेदतात त्या बिंदूच्या) आजूबाजूला अंदाजे एक आयत काढा. कोपरे अक्षांवर किंवा ओरिजिनवर टेकू देऊ नका, नाहीतर सॉफ्टवेअर आपणहून तिथे कन्स्ट्रेंट लावतं आणि पुढे तेच आडवं येतं. आयत काढल्यावर बाजूच्या पॅनलमध्ये चार डिग्रीज ऑफ फ्रीडम (अजून न ठरलेल्या गोष्टी) शिल्लक दिसतील: लांबी, रुंदी, आणि आडवी-उभी जागा.

२. आता समोरासमोरचे, म्हणजे कर्णाच्या टोकांचे दोन कोपरे निवडा आणि शेवटी ओरिजिनचा बिंदू. क्रम महत्त्वाचा आहे: ज्याच्याभोवती सममिती हवी तो बिंदू शेवटी. मग सिमेट्रिक कन्स्ट्रेंट लावा, कीबोर्डवर एस. आयत झटकन मध्यावर येतो आणि चारपैकी दोन डिग्रीज संपतात.

३. लगतच्या दोन बाजू निवडून इक्वल (दोन्हींचं माप सारखं) लावा, एका बाजूला ५० चं डायमेन्शन द्या. रेषा हिरव्या झाल्या की आयत पूर्ण बांधला गेला.

४. मधलं वर्तुळ काढताना केंद्र थेट ओरिजिनवर क्लिक करा, कोइन्सिडेंट (दोन बिंदू एकाच जागी) आपोआप लागतो. व्यास २२.५ ठेवा, उंचवटा मोकळा बसेल.

५. चार स्क्रूंसाठी आणखी एक आयत काढा आणि त्याच्या चारही रेषा कन्स्ट्रक्शन, म्हणजे फक्त मदतीच्या रेषा, करून टाका. त्या निळ्या दिसतात आणि पॅड करताना, म्हणजे आकृतीला जाडी देताना, धरल्या जात नाहीत. त्यालाही पायरी २ आणि ३ लावा, फक्त माप ३१. मग प्रत्येक कोपऱ्यावर केंद्र ठेवून एक वर्तुळ, चारही वर्तुळांना इक्वल, आणि एकाला ३.४ व्यास. चार भोकांची जागा दाखवायला एकच माप पुरलं, ही या पद्धतीतली मला सर्वात आवडणारी गोष्ट.

तपासणी सोपी आहे. ५० च्या जागी ६० टाका. भोकं जागची हलायला नकोत आणि चारही कडांचं अंतर सारखं वाढायला हवं. समाधान झालं की परत ५० करा.

आता खरा घोळ होतो ती जागा. समजा प्लेट १२० मिमी लांब आहे आणि मोटर वरच्या टोकाकडे हवी. डावी-उजवीकडे मात्र मधोमध. अशा वेळी साहजिकच स्क्रूंच्या आयताचा ओरिजिनशी असलेला सिमेट्रिक काढून त्याचे वरचे दोन कोपरे आणि उभा अक्ष निवडून सिमेट्रिक लावावंसं वाटतं. तसं केलं की रिडंडंट कन्स्ट्रेंटची तक्रार येते. कारण असं की उभ्या अक्षाभोवती दोन बिंदू सममित असतील तर त्यांना जोडणारी रेषा आडवी असणारच, आणि आयत काढतानाच त्या रेषेवर हॉरिझॉन्टल लागलेला आहे. एकच गोष्ट दोनदा सांगितली गेली. हॉरिझॉन्टल काढून टाकला तर तक्रार मिटते, पण मला दुसरी वाट जास्त स्वच्छ वाटते.

बाहेरच्या आयताचा इक्वल काढा आणि उभ्या बाजूला १२० द्या. मधल्या वर्तुळाचं ओरिजिनशी असलेलं नातं तोडा. त्याचं केंद्र आणि उभा अक्ष निवडून पुन्हा कोइन्सिडेंट लावा, १.० मध्ये तेच बटण बिंदू रेषेवर बसवतं. केंद्रापासून वरच्या कडेपर्यंत २५ चं अंतर द्या. मग स्क्रूंच्या आयताचा जुना सिमेट्रिक काढून कर्णावरचे दोन कोपरे आणि शेवटी वर्तुळाचं केंद्र निवडा, सिमेट्रिक लावा. कुठलाही कन्स्ट्रेंट दुहेरी होत नाही, आणि ते २५ बदललं की मोटरची सगळी भोकं एकत्र सरकतात.

नव्याने काढायला बसलात तर मध्यापासून आयत काढण्याचं टूलही आहे, ते हाच सिमेट्रिक स्वतः लावून देतं. दुसऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरपैकी सॉलिडवर्क्समध्ये सिमेट्रिकसाठी आधी सेंटरलाइन काढावी लागते. फ्यूजनमध्ये आयताचा कर्ण कन्स्ट्रक्शन रेषेने काढून तिचा मिडपॉइंट ओरिजिनला जोडला की तेच काम होतं.